दाराला पाणी

खालच्या आळीतल्या घरांच्या भिंतींवर निळ्या रंगाचा एक पट्टा आहे. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी, शहराला वेढा पडलेला असताना, पुराचं पाणी इथवर चढलं होतं, हे लोकांना कळावं म्हणून नगरपालिकेने तो रंगवून घेतला. आळीचा रस्ता चांगलाच उताराचा. वरच्या टोकाला उभं राहिलं तर पट्टा छातीला लागतो. उतरत उतरत नदीकाठच्या शेवटच्या घराशी गेलं, तरी छातीलाच लागतो. रंगाऱ्याने प्रत्येक घरापाशी रस्त्यापासून मोजून खूण केली असणार. पाणी असं राहत नाही. पाण्याची पातळी सपाट असते. वरच्या घराशी ते छातीएवढं असेल, तर खालचं घर छपरासकट बुडायला हवं.

विद्यापीठात जाता-येता तिने हा पट्टा वर्षानुवर्षं पाहिला होता. तो रस्त्याबरोबर उतरतो, हे मात्र परदेशातलं वर्ष संपवून परत आल्यावर दिसलं. एकदा दिसल्यावर न दिसण्याची सोय राहिली नाही.

ती प्रबंध लिहीत होती तो जोडविषयात, साहित्य आणि इतिहास. विद्यापीठात या दोन विभागांच्या मधे एक लांबलचक बोळ होता आणि जोडविषयाच्या विद्यार्थ्यांची टेबलं त्या बोळात होती. त्यामुळे त्यांना सगळे 'उंबरेकर' म्हणत. इतिहासवाले म्हणायचे, हे साहित्य झालं, पुरावा कुठाय? साहित्यवाले म्हणायचे, हा इतिहास झाला, रस कुठाय? इतिहासाच्या विभागप्रमुखांना सगळ्या तारखा तोंडपाठ, म्हणून त्यांचं नाव 'सनावळी' पडलं होतं. बोळातून जाताना ते न चुकता म्हणत, "काय उंबरेकर, दोन घरचा पाहुणा जेवला की उपाशी?"

हा जोडविषय बाईंनी सुरू केला होता. बाई म्हणजे तिच्या मार्गदर्शक. तरुणपणी त्यांनी खालच्या आळीतल्या एका म्हातारीकडून वेढ्याचं गाणं उतरवून घेतलं होतं. गाणं बायकांचं. वेढ्याच्या दिवसांत खालची अख्खी आळी नाहीशी झाली, त्याचा आक्रोश. त्यानंतरच्या नोंदींमध्ये त्या आळीतलं एकही जुनं घराणं सापडत नाही, हे इतिहासवाल्यांना ठाऊक होतं. ती माणसं गेली कुठे, हे ठाऊक नव्हतं. बाईंनी गाण्यातल्या एका ओळीवरून ते सांगितलं. 'दाराला पाणी लागलं, माझे माये, दाराला पाणी लागलं.' पूर आला होता. तटाचे दरवाजे वेढ्यामुळे बंद, माणसं आतल्या आत बुडाली. बाईंचं पुस्तक आलं, गाजलं. सनावळींनी शाळेच्या पाठ्यपुस्तकात पुराचा धडा घातला, नगरपालिकेने पट्टा मारला, आणि बोळातल्या टेबलांना विद्यापीठाची मान्यता मिळाली.

म्हातारीच्या आवाजाची फीत अजून होती. परदेशी जाण्याआधी तिने ती ऐकली, तेव्हा एक शब्द तिला खटकला होता.

"बाई, म्हातारी 'लागलं' नाही म्हणत. 'लावलं' म्हणते."

"दात नव्हते गं तिला," बाई हसून म्हणाल्या होत्या. "ग कुठून येणार?"

तीही हसली होती. पुढे कधीतरी आरशासमोर उभी राहून तिने दोन्ही अक्षरं म्हणून पाहिली. ग घशाजवळ उमटतो, त्याला दात लागत नाहीत. वरचे दात खालच्या ओठाला टेकतात ते व म्हणताना. बोळक्या तोंडाची म्हातारी व गिळेल, ग नाही. पण 'दाराला पाणी लावलं' याला आपल्या भाषेत काही अर्थच नव्हता. दाराला रंग लावतात, कडी लावतात. पाणी कोण लावतं? म्हणून तिने तो विचार सोडून दिला.

परदेश म्हणजे सरहद्दीपलीकडचा मुलूख. वेढा घालणारं सैन्य तिकडचंच. खालच्या आळीतल्या बहुतेक सुनाही तेव्हा लग्न होऊन तिकडूनच आलेल्या, त्यामुळे आळीची बोली दोन भाषांची मिसळ होती. जोडविषयात एक वर्ष तिकडच्या विद्यापीठात काढावं लागे. राहायची सोय बाईंनीच केली. आपण विद्यार्थिनी असताना ज्या घरात राहिलो, तेच घर, तीच घरमालकीण.

घरमालकीण सडसडीत, तोंडाने फटकळ. दुपारी ती जिन्यात बसून धुतलेले कपडे घड्या घालायची आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीशी बोलायची. एकदा शेजारणीने विचारलं, "धाकटा दिसत नाही हल्ली?"

"त्याच्या दाराला पाणी लावलंय मी," घरमालकीण म्हणाली आणि उशीचा अभ्रा झटकला.

हे तिकडच्या भाषेत. पण शब्दाला शब्द तेच होते. दार, पाणी, लावणं. वर खोलीत निघालेली ती तिथेच पायरीवर थांबली.

"म्हणजे काय केलंत?"

"काय करणार? काढला घराबाहेर. परत यायचं नाही, नाव काढायचं नाही. पावलं उमटली असतील तीसुद्धा उंबऱ्यावरून धुऊन टाकायची. परक्याला नाही हो म्हणत असं. परक्याला नुसतं हाकलतात. पाणी लावतात ते आपल्या माणसाला." मग तिच्याकडे नीट बघत म्हणाली, "तुमच्याकडे सगळ्यांना हे एकच कसं नवं वाटतं? तुझ्या त्या बाईंनीही असंच विचारलं होतं. ह्याच पायरीवर. आणि मग जेवताना पानावरून तशीच उठून वर गेली होती, मी केलेलं सगळं वाया."

ती त्या दिवशी जेवली. जेवताना सगळं जागच्या जागी बसत गेलं. पूर नव्हताच. वेढ्यात धान्य संपत आलं, तेव्हा शहराने खालची अख्खी आळी, आपल्याच सुना, त्यांची मुलं, त्यांचे म्हातारे, तटाबाहेर काढली, कारण त्यांची बोली बाहेरच्या सैन्यासारखी होती. बाहेरच्यांनी त्यांना घेतलं नाही. आतल्यांनी दार उघडलं नाही. गाणं त्यांचं होतं, आतल्यांनी तटावरून ऐकलेलं, आणि शिवी आपल्याला होती. बाईंना हे शिकत असतानाच कळलं होतं. आणि तरी त्यांनी छापताना व चा ग केला होता.

परत आल्यापासून ती म्हणत होती, पुरावरचं प्रकरण लिहितेय. आई फोनवर विचारायची, "होतंय का नाही तुझं? मावशी विचारते, काका विचारतात. मी सांगते, पूर ओसरला की येईल."

"ओसरेल, आई."

"आणि नोकरीचं? बाईंच्या जागी तूच ना?"

"बघू."

"बघू काय? तोंडाशी आलेला घास आहे. तुझं ना, लहानपणापासून तळ्यात मळ्यात."

बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागेसाठी तिचंच नाव होतं, प्रबंध वेळेत आला तर. दोन्ही विभागांपुढच्या सादरीकरणाची तारीख तिने काही ना काही कारण काढून पुढे ढकलत नेली होती. आता तारीख परवावर आली, तेव्हा ती बाईंच्या खोलीत गेली.

बाई खिडकीशी बसून कुणाचा तरी निबंध तपासत होत्या.

"बाई, तुमच्या त्या घरमालकीणबाईंकडे मी एक गोष्ट ऐकली."

"अजून तशीच फटकळ आहे का गं ती?"

"त्या त्यांच्या मुलाबद्दल बोलत होत्या. म्हणाल्या, त्याच्या दारावर पाणी टाकलं."

"टाकलं नाही," बाई मान वर न करता म्हणाल्या. "लावलं."

लाल पेन कागदावर थांबलं. आपण शब्द मुद्दाम चुकवला होता, की तो आपसूक चुकला होता, हे तिला नंतरही ठरवता आलं नाही. शब्दांच्या चुका सुधारण्यात बाईंचा जन्म गेला होता. समोर चूक आली की हात थांबत नसे.

"बस," बाई म्हणाल्या.

ती उभीच राहिली.

"सांगून काय होणार होतं तेव्हा? एका म्हातारीची फीत आणि एका घरमालकिणीचं बोलणं. सनावळीने हसून उडवून लावलं असतं. पुरावर कुणी हसलं नाही. पूर सगळ्यांनाच हवा होता. त्या बायकांसाठी निदान कुणी रडलं तरी."

"पण त्या बुडाल्या नव्हत्या, बाई."

"नव्हत्या. मग? त्यांना आता काय फरक पडतो? फरक पडेल तो तुला. पुस्तक पडलं की विषय पडला. ती टेबलं बोळातून उचलायला तो सनावळी टपून बसलाय. मग जागाही नाही आणि तूही नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची, ऐक माझं."

"मग मला त्याच घरी का पाठवलंत?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "खोली हवेशीर होती."

ती दाराकडे वळली.

"आणि," बाई मागून म्हणाल्या, "गप्प बसायलासुद्धा सोबत लागते गं. एकटीला फार होतं."

हे त्या इतक्या मायेने म्हणाल्या, की ती तशीच बाहेर पडली. पायऱ्या उतरताना तिला बाईंनी आपल्यावर केलेले सगळे उपकार आठवले. पहिल्या वर्षी दिलेली स्वतःची शाल, तापात पाठवलेलं जेवण, परदेशी जाताना दिलेली बॅग. त्यातलं कुठलं खरं आणि कुठलं या सोबतीची पूर्वतयारी, हे कुठल्याच विषयात वेगळं काढता आलं नसतं.

सादरीकरणाला इतिहासाची खोली मिळाली, कारण तिथला पंखा चालू होता. पहिल्या रांगेत बाई, पलीकडे सनावळी, मागे दोन्ही विभागांची माणसं आपापल्या बाजूला, लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष बसतात तशी. तिने गाणं सांगितलं, बोलीविषयी सांगितलं, सुना कुठून आल्या ते सांगितलं. त्या ओळीपाशी आली आणि ओळ न म्हणताच पुढे गेली. ते बहुधा फक्त बाईंच्या लक्षात आलं. त्यांची मान किंचित हलली, शाबास म्हटल्यासारखी.

ती मान हलली नसती, तर कदाचित ती तशीच खाली बसली असती.

"छान, छान," सनावळी म्हणाले. "आता या पाहुण्यांना इतिहासाच्या घरचा एक घास वाढतो. मुलांना पाठ्यपुस्तकात पुराचा नुसता ऋतू दिलाय मी, साहित्यवाल्यांच्या भरवशावर. महिना देता आला नाही, याची खंत आहे. तुम्ही सरहद्दीपलीकडचे कागद चाळून आलात. सांगा, पूर नेमका कुठल्या महिन्यात आला?"

साहित्याच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "सर, कवितेला महिना नसतो."

"पाण्याला असतो," सनावळी म्हणाले, आणि सगळे हसले. "गेल्या आठवड्यात नातवाला पट्टा दाखवून आणला. तो विचारतो, आजोबा, कधी आलं होतं पाणी? काय सांगू त्याला?"

तिने बाईंकडे पाहिलं. बाई हसत नव्हत्या. त्यांनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली होती आणि त्या दाराकडे बघत होत्या. घरमालकीण म्हणाली होती, परक्याला नुसतं हाकलतात. तिला वाटलं, आता आपण जे करणार आहोत त्याला तिकडच्या भाषेत शब्द आहे, आणि तो आपल्या माणसासाठीच वापरतात.

"महिना नाही मिळाला, सर," ती म्हणाली.

"मिळेल, मिळेल. शोधत राहा."

"मिळणार नाही. ओळ 'पाणी लागलं' अशी नाहीच. 'लावलं' अशी आहे." व स्पष्ट उमटला. "पूर आला नव्हता. खालच्या आळीला आपण तटाबाहेर काढलं, आणि दार लावून घेतलं. मी तसंच लिहिणार आहे."