एकही ओळ कापणार नाही

नगरपालिकेच्या सांस्कृतिक खात्याचे व्लासिस माणूस वाईट नाहीत, पण त्यांच्या हातात पेन्सिल आली की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी ते पेरामाला, आमच्या गोदीच्या गावात, तालमीला आले, युनियनच्या हॉलमधल्या डगमगत्या खुर्चीवर बसले आणि संहितेतल्या निरोप्याच्या भाषणावर वरपासून खालपर्यंत एक तिरपी रेघ ओढून मोकळे झाले. म्हणाले, स्टामातियाबाई, एवढं लांबलचक भाषण या मुलांना झेपायचं नाही. चार ओळी ठेवा, लोकांनाही बरं पडेल.

मी म्हटलं, लोकांचं मला सांगू नका, मी इथलीच आहे. माझा बाप याच गोदीत पत्रे ठोकून ठोकून बहिरा झाला. आमच्या पोरांना जन्मभर सगळं कापून-छाटूनच मिळत आलंय. शाळेत त्यांच्यासाठी सोपं पुस्तक, दुकानात उरलासुरला माल, आणि आता नाटकही सोपं करून देणार होय? अडीच हजार वर्षं जी भाषणं माणसं बसून ऐकत आली, ती नेमकी पेरामालाच जड जाणार? एकही ओळ कापणार नाही.

व्लासिसांनी वाद घातला नाही. शुक्रवारी परत येतो म्हणाले. निरोप्याचं काम करणाऱ्या मुलाने भाषण पूर्ण करून दाखवलं तर उन्हाळ्यात खाणीतल्या रंगमंचावर नाटक अख्खं होईल, नाहीतर रेघ राहील. जुन्या दगडखाणीत बांधलेला तो रंगमंच, वर उघडं आभाळ, अथेन्सहून गाड्या भरभरून लोक येतात. तिथे आमच्या पोरांनी पंख छाटलेलं नाटक घेऊन उभं राहायचं, हे मी मेले असते तरी मला चाललं नसतं. व्लासिस गेल्यावरही मी बराच वेळ एकटीच बडबडत होते.

आता खरं सांगायचं तर भाषण झेपत नव्हतंच.

निरोप्याचं काम आर्गिरिसकडे होतं. एकोणीस वर्षांचा पोरगा, दुरुस्तीला आलेल्या जहाजांच्या टाक्यांत शिरून वेल्डिंग करायचा. आवाज खणखणीत, प्रेक्षकांच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचणारा. पण भाषण म्हणायला लागला की विजेचं बिल वाचून दाखवतोय असं वाटायचं. नाटक तसं साधं आहे. राणी महालाच्या दारात उभी आहे, मुलगा लढाईला गेलाय. निरोप्या येतो आणि मुलगा कसा मारला गेला ते तिला सांगतो. त्या जुन्या ग्रीक नाटकांत मरण समोर दाखवत नाहीत, कुणीतरी येऊन ते सांगायचं असतं. आर्गिरिसला हे काही केल्या पटत नव्हतं.

“बाई, हा निरोप्या येडा आहे का?” तो म्हणायचा. “आई समोर उभी आहे आणि हा सांगतोय, सकाळी धुकं होतं, घोडा काळा होता, खोगिराचा पट्टा अमक्या जागी तुटला होता. पोरगा गेला म्हणावं आणि गप बसावं ना.”

राणी झाली होती फोतिनी. ती पहाटे बेकरीत कामाला लागायची, त्यामुळे संध्याकाळी भाषण सुरू झालं की राणीसाहेब उभ्या उभ्या डुलक्या घ्यायच्या. आर्गिरिस म्हणायचा, बघा, राणीलाच झोप लागली. त्यावर फोतिनी डोळेही न उघडता म्हणायची, तू तोंड उघडलंस की कुणालाही लागेल, पोटचा पोरगा गेला असला तरी लागेल. सगळा हॉल खिदळायचा, आणि मी बोंबलत राहायचे.

मी त्याला समजावलं नाही असं नाही. म्हटलं, अरे, तिला सगळं ऐकायचं असतं. तो म्हणाला, असलं कुणाला ऐकायचं असतं? आता मला काय माहीत? मला मूलबाळ नाही. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी असं सांगितलं होतं, तेच मी पुढे ढकलत होते. पण उत्तर नाही म्हणून माघार घेणाऱ्यांतली मी नव्हे. रोज कामावरून आला की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे, आणि तोही तोंड वाकडं करून म्हणायचा.

बुधवारी भर दुपारी गोदीचा भोंगा झाला. अवेळी भोंगा झाला की पेरामात कुणाला काही सांगावं लागत नाही. बायका गॅस बंद करून रस्त्यावर येतात. मीही होते तशी धावले. फाटकाबाहेर माणसं हत्यारं आत टाकून उभी होती. एका टाकीतली फळ्यांची परांची कोसळली होती आणि माथ्योस गेला होता. आर्गिरिस त्याच्याच हाताखाली काम करायचा. तो मला फाटकाच्या गजांना टेकून उभा दिसला, तोंड गंजाने माखलेलं. माझ्या जिवात जीव आला. आणि लगेच त्याची लाज वाटली, कारण समोरून माथ्योसची आई येत होती.

आन्नेत्ताबाई घरातल्या सपाता घालूनच आल्या होत्या, हात पिठाचे. रडत नव्हत्या. मुकादमाला त्यांनी विचारलं, काय झालं. मुकादम म्हणाला, अपघात झाला हो, त्याला काही कळलंसुद्धा नाही, तुम्ही घरी चला. युनियनच्या सेक्रेटरीला विचारलं, तर तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला की आम्ही कुणाला सोडणार नाही. कुणी पाणी पुढे केलं, कुणी पहारेकऱ्याची खुर्ची आणली. जो तो त्यांना बसवायला बघत होता आणि त्या काही बसत नव्हत्या. “अरे, पण झालं काय?” एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मीसुद्धा त्यांचा हात धरून म्हटलं, आन्नेत्ता, आधी बस, मग बोलू. निरोप्यांची भाषणं शिकवून माझे केस पिकले आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून हे निघालं.

तेवढ्यात आर्गिरिस पुढे आला.

“मावशी, मी तिथे होतो. सांगू?”

“सांग.”

“सगळं?”

“सगळं सांग.”

त्याने सकाळपासून सुरुवात केली. माथ्योसने कॉफी अर्धीच प्यायली, उरलेली परत आल्यावर पितो म्हणाला. अंगात निळा स्वेटर होता, टाकीत उकडेल म्हणून त्याने तो काढून शिडीला बांधला. आपल्या मुलीच्या दातांबद्दल काहीतरी सांगत सांगत उतरला आणि हसला. फळी हलतेय असं त्याने मुकादमाला सांगितलं होतं, आणि जेवणानंतर बघू असं उत्तर मिळालं होतं. इथे मुकादम म्हणाला, पुरे झालं रे आता. आन्नेत्ताबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, बोलू दे त्याला.

आर्गिरिस बोलत राहिला. आवाज चढवला नाही की गिळला नाही. फळी कुठल्या बाजूने सुटली, माथ्योसने कशाला धरायला बघितलं, खाली पडल्यावर त्याने आर्गिरिसचा हात कसा पकडला, हे सगळं सांगितलं. त्याला कळलं नाही असं नाही मावशी, म्हणाला. त्याला कळलं होतं. वरचं झाकण लावू नका, अंधार होतोय, असं तो म्हणत होता. झाकण उघडंच होतं, मावशी. मी त्याला म्हटलं, नाही लावत. त्यानंतर तो काही बोलला नाही.

आन्नेत्ताबाई सगळं ऐकून झाल्यावर बसल्या. मग रडल्या. फाटकाबाहेरच्या माणसांपैकी कित्येकजण तेव्हाच रडले, मीही रडले.

दुसऱ्या दिवशी माथ्योसला पोचवून आलो. संध्याकाळी व्लासिसांचा फोन आला. अगदी मनापासून बोलले. म्हणाले, अशा प्रसंगात त्या मुलाकडून हे भाषण करून घेणं बरं नाही, चार ओळींत भागवा, तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. आणि मी हो म्हणाले. मी, जी त्यांच्या अंगावर धावून गेले होते. आर्गिरिसचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. त्याला आणखी पिळायची माझ्यात हिंमत उरली नव्हती.

हॉलवर गेले तर आर्गिरिस आणि फोतिनी दोघंच आली होती. मी सांगून टाकलं. आर्गिरिसने विचारलं, “तुम्ही हो म्हणालात?”

“तुझ्यासाठी म्हणाले रे.”

“माझ्यासाठी नका म्हणू. आन्नेत्तामावशी सगळं ऐकेपर्यंत बसल्या नाहीत, तुम्ही बघितलंत ना? खुर्ची मागे ठेवली होती तरी नाही बसल्या. ही राणी चार ओळींत कशी बसेल?”

मी म्हटलं, कालच तर तू ते सगळं सांगितलंस. आज पुन्हा तसलंच तोंडाने म्हणायचं, कशाला स्वतःला जाळून घेतोस?

“काल मला कळलं की घोड्याचा रंग कशाला सांगतात ते,” तो म्हणाला. “एकही ओळ कापायची नाही. फोन लावा त्यांना.”

मी फोन लावला.

शुक्रवारी व्लासिस आले आणि त्याच खुर्चीवर बसले. माझ्याशी उगाच उन्हाबद्दल बोलले. आर्गिरिस कामावरून थेट आला होता, बूटसुद्धा बदलले नव्हते. फोतिनी दारात उभी राहिली. मुलगा गेला हे पहिल्या ओळीत कळताच राणीने पायरीवर कोसळायचं, असं मी बसवलेलं होतं. ती कोसळली नाही. मी खूण केली तर तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. डोळे टक्क उघडे ठेवून ती आर्गिरिसकडे बघत उभी होती.

तो बिल वाचत नव्हता आता. ओरडतही नव्हता. समोर एक बाई आहे, तिला काही सांगायचंय, एवढंच. धुकं सांगितलं, घोडा सांगितला, खोगिराचा पट्टा सांगितला. व्लासिस पुढे सरकून ऐकत होते. आणि मग मुलगा खाली पडतो तिथे आर्गिरिस अडकला. निरोप्या त्याचं डोकं मांडीवर घेतो आणि मुलगा शेवटचं बोलतो, त्या ओळी. त्याने त्या सोडल्या आणि थेट पुढच्या ओळी सुरू केल्या. ज्याला पाठ नाही त्याला कळलंही नसतं. व्लासिसांना कळलं नाही. मी गप्प बसायचं ठरवलं. जाऊ दे, म्हटलं, एवढं केलं ते पुष्कळ झालं.

“मध्ये काहीतरी गाळलंस,” फोतिनी म्हणाली. “ते सांग.”

संहितेत राणीला तिथे एक अक्षरही नाही. आर्गिरिसने तिच्याकडे बघितलं, बूट जमिनीवर घट्ट रोवले, भाषणात मागे गेला आणि गाळलेल्या ओळी सांगितल्या. एक एक सांगितली. तिथून शेवटापर्यंत कुठे अडखळला नाही. तो थांबला तेव्हा फोतिनी खाली बसली.

व्लासिसांनी रुमालाने चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग म्हणाले, अख्खं ठेवा, खाणीत असंच होऊ द्या. जाताना फोतिनीला त्यांनी विचारलं की ते मधलं वाक्य बाईंनी बसवलंय की तुला सुचलं.

फोतिनी पायरीवरच बसलेली होती. “मी विसरलेच की हे नाटक आहे,” ती म्हणाली. “मला खरंच ऐकायचं होतं.”