मोडाचं पीठ

"दोन चमचे झाले की तोंड फिरवतो. पानी घालून पातळ केलं तर पितो, पन वजनाचा काटा हालत न्हाई," लंकाबाई म्हणाली. तिच्या मांडीवरचा नातू, चेतन, सव्वा वर्षाचा होता. वजन साडेसहा किलो.

भागिरथी चौदा वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. सेविका माधुरीताई कालच नेवाशाहून प्रशिक्षण संपवून आल्या होत्या. येताना त्यांनी मोड आलेले गहू वाळवून दळलेलं पीठ आणलं होतं. चिमूटभर टाकलं की घट्ट खीर पाण्याशिवाय पातळ होते, असं तिथे सांगितलं होतं.

भागिरथीने उकळत्या खिरीत चिमूट टाकली, ढवळली. डाव तसाच उभा राहिला.

"सरकारचं पीठबी सरकारवानीच. जागचं हालंना," लंकाबाई म्हणाली.

माधुरीताई ओशाळल्या. "मोडात विकर असतं, मावशी. ते पिठाच्या लांब साखळ्या तोडतं. कोयत्यासारखं. ऊस तुटतो, कोयता तेवढाच राहतो. असंच शिकवलं आम्हाला."

भागिरथी पातेल्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, उकळत्या दुधात आपन इरजन लावतो का?"

तिने पातेलं बाजूला सारून दुसरी खीर शिजवली, उतरवली आणि बोटाला सोसेल इतकी निवू दिली. मग चिमूट टाकली. जड फिरणारा डाव हळूहळू हलका झाला. थोड्याच वेळात खीर धारेने पडू लागली.

"आता ही चिमूट संपली का हाय, ते बघू." तिने त्यातली पळीभर खीर पहिल्या, आता निवलेल्या पातेल्यात घातली. जरा उशीर लागला, पण तीही सैल झाली.

"चालतोय की कोयता," ती हसली.

चेतनने वाटीभर खाल्लं. लंकाबाईने वाटी आडवी करून नीट पाहिली.

"ह्ये पीठ तालुक्यावरनं आनायचं व्हय?"

"छे हो. गहू भिजवायचे, मोड आणायचे. कुणाच्याही घरात होतं," माधुरीताई म्हणाल्या. "पहिल्यापासून करता येत होतं."

"पहिल्यापासून," भागिरथी म्हणाली. "माजी लेक भीमाबी दोनच चमचे खायाची. गेली तवा वर्षाची हुती."

लंकाबाईने पदराने नातवाचं तोंड पुसलं.

भागिरथीने डब्यातून ओंजळभर गहू घेतले, खडे निवडले आणि ते भिजत घातले.