बादलशेठची लोकर

मी एक जुनी कातर आहे. मेंढ्यांची लोकर कातरणारी, अस्सल लोखंडी. शिंप्याच्या कात्रीशी माझी तुलना करू नका. ती कापड कापते, आणि कापड काही लाथा मारत नाही. पारनेरच्या एका लोहाराने मला ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून घडवले. पट्टी मधोमध वाकवली, दोन्ही टोकांना धार लावली, झाले काम. माझा मालक रंगनाथ धनगर. तीस वर्षे त्याचे माझ्यावाचून पान हलले नाही. हजारो मेंढ्या मी मोकळ्या केल्या आणि एकीच्याही कातड्यावर ओरखडा उठू दिला नाही. इतर धनगर मला हातात तोलून बघत आणि रंगनाथला सांगत, हिला जप. त्यामुळे मी जरा चढेल आहे, हे कबूल.

मित्रांनो, उन्हाळ्याच्या तोंडावर रंगनाथ कळप घेऊन देवळाली प्रवराकडे उतरतो. ऊस तुटलेल्या रानात मेंढ्या बसवल्या की शेताला खत मिळते आणि मेंढ्यांना चारा-पाणी. तसेच आम्ही रविराजच्या रानात उतरलो होतो. रविराज मोठा बागायतदार. त्याने बर्फाच्या मुलखातला निळ्या डोळ्यांचा हस्की कुत्रा आणला होता, आणि त्याचे नाव बादल. वाढदिवसाला चौकात त्याचा गॉगल घातलेला फ्लेक्स लागला होता, 'आमचे लाडके बादलशेठ'. कुत्र्याला काय लागते हे मात्र त्या शेठच्या मालकाने कुणालाच विचारले नव्हते. फोटो बरा येतो एवढे त्याला पुरेसे होते.

सुरुवातीला बादलला एसीत झोपवत. मग त्याने सोफा फाडला आणि त्याची रवानगी अंगणात झाली. तिथे त्याने नळाजवळ खड्डा उकरला आणि ओल्या मातीला पोट लावून बसू लागला. इतके साधे शहाणपण त्या घरात फक्त कुत्र्याकडे होते. रविराजने दुसऱ्याच आठवड्यात अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवून घेतले.

बादल भुंकत नसे. मान वर करून लांब सूर काढी. रविराजची आई गोजरबाई त्यावर कपाळाला आठ्या घाली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, की ह्ये रडतं कुत्रं घराला बरं न्हाई. मीही त्याला कुत्रा मानायला तयार नव्हते. कळप राखणारे कुत्रे मी पाहिले आहेत. हा तर मेंढरांना बघून शेपूट हलवी.

एके सकाळी रंगनाथ मेंढ्या कातरत होता. रविराज दोन मित्रांना घेऊन आला, सोबत साखळीला बादल. याचीही लोकर काढा म्हणाला. रंगनाथने बादलच्या केसांत बोटे खुपसली आणि तो थांबला.

"दादा, ही लोकर न्हाई. वरचं केस तापल्यात, पर खाली कातडं गार हाय. ह्याला नगं कातराय."

"मामा, मेंढरांना उकडतं म्हणून कातरता ना? मग ह्यानं काय स्वेटर घालून उन्हाळा काढायचा?"

मित्र हसले. रंगनाथला नाही म्हणता आले असते. पण कळपाला अजून पंधरा दिवस त्याच रानात काढायचे होते, आणि पाण्याची विहीरही रविराजचीच होती. त्याने मान खाली घातली. मला त्याची कीव आली. स्वतःची लाज मात्र वाटली नाही, कारण त्या दिवशी माझी धार फार सुरेख चालत होती. बादल रंगनाथचा हात चाटत उभा राहिला. अर्ध्या तासात नुसते गुलाबी कातडे उरले, आणि त्याचेही फोटो निघाले.

चौथ्या दिवशी भर दुपारी, तापलेल्या पेव्हर ब्लॉकवर बांधलेला बादल कोसळला. त्याच्या पाठीवर फोड आले होते. रविराज राहुरीला गेला होता. गोजरबाईने रंगनाथला हाका मारल्या. दोघांनी बादलला उचलून गोठ्यात नेले आणि त्याच्याखाली ओली गोणपाटे घातली. जनावरांचे डॉक्टर आले, सलाईन लावले, आणि मग त्यांनी सगळ्यांनाच झापले. त्या केसांचे दोन थर थंडीत ऊब धरतात आणि उन्हात झळही अडवतात, गळलेले केस विंचरून काढायचे असतात, कातरायचे नसतात, असे ते म्हणाले. रंगनाथच्या बोटांना हे आधीच कळले होते.

बादल वाचला. गोजरबाईने पहार घेऊन नळाजवळचे चार ब्लॉक उखडले आणि खड्डा त्याला परत दिला. पहाटे ती त्याला हिंडवून आणी, केस येऊ लागल्यावर ते रोज विंचरी. तो सूर काढू लागला की म्हणे, "गातंय गं बाई माझं."

पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो. बादलचे केस आले होते, पण पाठीवर टकले पट्टे राहिले होते. वाढदिवस जवळ आला होता. रविराज म्हणाला, सगळे बारीक करा, म्हणजे सारखे दिसेल. काही माणसे चटका बसूनही शिकत नाहीत. रंगनाथने मला पोत्यातून काढले आणि रविराजच्या हातात ठेवले.

"दादा, तुमीच कातरा. म्या एकदा केलंय."

रविराज मला घेऊन नळापाशी गेला. बादलने त्याचा हात चाटला. मग त्याला मी दिसले. त्याचे पाय वाकले, जमिनीला पोट घासत तो खड्ड्यात शिरला आणि तिथेच मुतला. हजारो मेंढ्यांनी मला लाथा मारल्या, पण माझ्याकडे बघून असे कुणी केले नव्हते. गोजरबाईने रविराजच्या हातून मला ओढून घेतले आणि नळासमोरच गोठ्याच्या छपराच्या पत्र्याखाली खोचून ठेवले. रंगनाथने मला परत मागितले नाही.

मित्रांनो, आता मी गंजते आहे. प्राणी घरी आणाल तर आधी तो कुठला, त्याला काय सोसते, ते विचारा. एखाद्या जाणत्याचा हात केसांत जाऊन थांबला, तर तुम्हीही थांबा. माझ्यासारखी धार बघून हुरळू नका. बादलने रविराजला माफ केले, रंगनाथलाही केले, कुत्र्याला तेवढीच अक्कल असते. पण खाली खड्ड्यात बसून तो मान वर करतो, गाऊ लागतो, आणि त्याची नजर माझ्यावर पडली की सूर मध्येच तुटतो.