नवं मागं, जुनं पुढं

एसटीच्या वर्कशॉपात उभा जन्म काढला मी. बसची इंजिनं उघडून बसवणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर पोरीनं कशाला जुंपावं? तर खाऊच्या मशीनला! काचेचं कपाट, आत स्प्रिंगा. मोबाइलवरून पैसे भरले की स्प्रिंग फिरते आणि पाकीट धपकन खाली पडतं. "तेजल," मी म्हणालो, "कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान आहे. कपाटाकडून चिक्की घ्यायला लोक खुळे आहेत का?"

"पप्पा, तुम्ही फक्त स्क्रू पिळा. अक्कल मी लावते."

अशी बोलायची बापाशी! आणि मी ऐकून घ्यायचो, कारण एकुलती एक, आणि दरवेळी तिचंच खरं निघायचं. पंचवटीतल्या एका अभ्यासिकेत तिनं पहिलं मशीन ठेवलं. स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर तिथं पुस्तकात डोकं घालून बसायची आणि भूक लागली की मशीनपुढे रांग लावायची.

माल कोणाचा घ्यायचा, यावरून आमची रोज जुंपायची. मी म्हणायचो, कंपनीचा घे, चकचकीत पाकीट, कटकट नाही. ऐकेल तर शपथ. तिनं पाचसहा जणांची चिक्की गोळा केली, सगळी स्कूटरच्या डिकीत कोंबली आणि मे महिन्याच्या उन्हात दिवसभर गावभर फिरली. संध्याकाळी डिकी उघडली तर कोणाचा लगदा, कोणाची कागदाला चिकटलेली. सायखेड्याच्या लंकाबाईंची तेवढी कडक राहिली होती. तोडली तर कटकन आवाज. "पप्पा, ही पास."

आम्ही सायखेड्याला जाऊन लंकाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून हसल्या. "लोकं माझ्या चिक्कीची चव बघत्यात, तू उन्हात घालून बघितली! लय डोकं हाय गं पोरी तुला."

मशीन भरायचा तेजलचा एकच कायदा होता. नवं मागं, जुनं पुढं. म्हणजे जुना माल आधी विकला जातो, आत पडून खवट होत नाही. ओळ भरून झाली की सगळ्यात मागच्या पाकिटाचा कोपरा ती दुमडायची. तो दुमडलेला कान काचेपाशी आला की समजायचं, आपण भरलेला माल संपला, आता नवा आणा. मला शिकवलं, तिच्या आईलाही हात धरून शिकवलं. विमल म्हणाली होती, "मला मेलीला काय करायचंय शिकून, तू आहेस ना."

दिवाळी उलटली आणि अंग कणकणत असताना तेजल ते मशीन भरायला निघाली. मी म्हटलं, उद्या जा. "पोरं उपाशी वाचतील हो पप्पा," म्हणाली आणि गेली. आली ती अंथरुणालाच लागली. डेंग्यू निघाला. आठवडा भरायच्या आत आमची पोर गेली. याच्यापुढे मला त्यावर बोलता येत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले आणि मी अभ्यासिकेत गेलो. चिक्कीच्या ओळीत एकच पाकीट उरलं होतं. अगदी काचेपाशी. कान दुमडलेलं. तिच्या बोटांनी दुमडलेलं.

मी मशीन उघडलं. नवा माल पुढं भरला आणि ते पाकीट सगळ्यात मागं ठेवलं. उलटं काम. तिनं बघितलं असतं तर फाडून खाल्लं असतं मला.

घरी का नाही आणलं, असं कोणी विचारेल. घरी तिचे कपडे आहेत, चपला आहेत, सगळं जागच्या जागी थांबलंय. मशीनमधलं तिचं पाकीट मात्र अजून विक्रीला होतं. ते तिथं आहे तोवर तिचं काम चालू आहे, असं मला वाटायचं. वेडा म्हणा. म्हणा खुशाल.

मग माझा तो नेमच झाला. पाकीट सरकत सरकत पुढं आलं की ते उचलायचं आणि पुन्हा मागं न्यायचं. हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन मी मशीनपुढे बसायचो आणि हळूच म्हणायचो, "तेजा, मोटर कुरकुरतेय गं. पावसाळी हवेनं गुळाला पाझर सुटलाय, स्प्रिंगा पुसून घेतल्या बरं का." अभ्यासिका सांभाळणारा नवनाथ एकदा म्हणाला, "काका, हे मशीन सारखं बिघडतं का हो?" मी खेकसलो, "बिघडतं! तुला काय करायचंय?"

विमलला यातलं काही सांगितलं नव्हतं. पोरीच्या मागे ती निम्मी झाली होती. दाराबाहेर पाऊल टाकत नव्हती. म्हटलं, कशाला खपली काढा.

आषाढात मला चिकुनगुनियानं धरलं. सांधे असे आखडले की चहाचा कप उचलेना. तीन-चार दिवस तापात काय चाललंय ते मला कळत नव्हतं. एके सकाळी ताप उतरला, डोळे उघडले, तर विमल समोर चहा घेऊन बसलेली. वेणी नीट घातलेली. चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी जरा उजेड.

"काल संध्याकाळी मी मशीन भरून आले," ती म्हणाली. "लंकाबाईंनी माल पाठवला होता, तुम्ही असे पडलेले. म्हटलं, पोरीचं मशीन रिकामं कशाला ठेवायचं? रिक्षा केली आणि गेले."

मी घाईघाईनं विचारलं, "कसं भरलंस?"

"तेजानं शिकवलं तसंच! नवं मागं, जुनं पुढं. तुम्ही कान दुमडलेलं एक पाकीट पार मागं अडकलं होतं, ते अगदी पुढं आणून ठेवलं. आणि शेवटच्याचा कान मी दुमडला." तिनं अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. पोरीसारखंच.

मी उठलो. सदरा अंगात घालवेना, बटणं लावता येईनात. "अहो, कुठं निघालात?" विमल म्हणत होती, तेवढ्यात तेजलचा फोन वाजला. मशीनच्या काचेवर तक्रारीसाठी तिचंच नाव आणि नंबर आहे. तो मी बदलला नव्हता. फोन रोज चार्ज करून माझ्याजवळच ठेवायचो.

"तेजलताई आहेत का?" एका मुलीचा आवाज.

"मी तिचा बाप बोलतोय."

"काका, मी अभ्यासिकेतून बोलतेय. मघाशी चिक्की घेतली, पार खवट निघाली हो. तारीख बघितली तर दिवाळीच्या वेळची!"

"पोटात गेली का बाळा? काही त्रास?"

"नाही, एक तुकडा तोंडात घातला आणि थुंकला."

"आणि पाकीट? पाकीट कुठंय?"

"टाकलं कचऱ्यात."

"कुठल्या डब्यात? हात लावू नका कोणी. मी येतो, मी काढतो."

ती गोंधळली. "काका, घंटागाडी आत्ताच येऊन गेली."

मी खाली बसलो. शेवटी म्हणालो, "चूक आमची आहे. नवं पाकीट आणून देतो."

"राहू द्या हो. फक्त ताईंना सांगा. मागं एकदा पाकीट अडकलं होतं, तर त्या स्वतः येऊन देऊन गेल्या होत्या. लय दिवसांत दिसल्या नाहीत."

"सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

विमल बघत होती. आता लपवून काय उपयोग? सगळं सांगितलं. ते पाकीट कोणाचं होतं, मी ते दरवेळी मागं का नेत होतो, सगळं. वाटलं, हंबरडा फोडेल. तिनं फोडला नाही.

"म्हणजे इतके महिने तुम्ही एकटेच तिला भेटून येत होतात?"

मी तेजलचा फोन विमलपुढे ठेवला.

"मला एकदा न्यायचं होतं ना हो."

मग ती आपल्या हाताकडे बघत राहिली, त्याच अंगठ्याकडे आणि बोटाकडे. "काल माझ्या हातात होतं ते," ती म्हणाली. "मीच पुढं आणलं. आणि मला माहीतच नव्हतं."