झेंगेचा हलका हात

"झेंगे, सुई चुकीच्या जागी गेली तर काय करता हो तुम्ही?"

अकबोताने विचारलं आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. वर्गातल्या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, "वादविवादात पहिली आलीस ना? मग हे तुझ्या झेंगेला विचारून दाखव!" आणि अकबोता म्हणजे काय, थंडी सुरू होईपर्यंत वर्गात मान खाली घालून बसणारी, पण बक्षीस मिळाल्यापासून कझाकस्तानातल्या तराझ शहरात रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाशीही वाद घालेल अशी झालेली.

पेरिझात झेंगे ही तिची वहिनी, थोरल्या भावाची बायको. अल्माटीला जाऊन तिने सुईने ओठ-नाक भरायचा तीन दिवसांचा कोर्स केला, प्रमाणपत्र काचेत बसवून फ्रिजच्या वर टांगलं आणि तेव्हापासून अर्ध्या गल्लीचे ओठ तिच्याच स्वयंपाकघरात फुगत होते. ज्या टेबलावर तळणीसाठी मैद्याचे बाउरसाक लाटायचे, त्याच टेबलावर सुया मांडायच्या. आत्ताही शेजारच्या दोघी ओठांना मलम फासून भिंतीशी बसल्या होत्या, बदकांसारख्या.

"बघा हिला!" झेंगे हसली, पण नुसती ओठांनी. "कालपर्यंत मी हिचं नाक पुसत होते, आज माझी परीक्षा घेतेय."

"पण सांगा ना, काय करता?"

"माझा हात हलका आहे. चुकत नाही." झेंगेने हातमोजे उतरवायला घेतले. "आणि ज्यांना भरवसा नाही त्यांनी मोठ्या सलूनमध्ये जावं. आम्ही काय बाई, परक्याच."

परक्या. हा शब्द खिडकीशी बसलेल्या मोल्दिरला लागला.

मोल्दिर अकबोताची मोठी बहीण. पुढच्या आठवड्यात तिचं लग्न. सासरच्या दारात नवरीच्या तोंडावरचं कापड उचलतात, गाणारा दोन तारांचा दोंब्रा वाजवत एकेका नातलगाचं नाव घेतो आणि नवरी प्रत्येकाला वाकून नमस्कार करते, तेव्हा झेंगेच तिला दंडाला धरून उभी असते. तिला दुखवून लग्नाला उभं राहायचं कसं? महिनाभर झेंगे मागे लागली होती, "बापाचं नाक घेऊन सासरी जाणार का? तो उंचवटा मी पाच मिनिटांत सरळ करते, माझ्याकडून भेट." आणि मोल्दिर महिनाभर "बघू हं, झेंगे" म्हणत टाळत होती.

आता ती उठली आणि गुपचूप खुर्चीत जाऊन बसली.

"करा, झेंगे. हिच्याकडे काय लक्ष देता, हिचं तोंड आहे की रेडिओ!"

"अपके, नको ना," अकबोता ताईला म्हणाली.

"गप गं. आरसा धर."

तिने आरसा धरला. झेंगेने काढलेल्या औषधाच्या बाटलीला खोकं नव्हतं, चिठ्ठीही नव्हती. "औषध तेच असतं," झेंगे म्हणाली. "बाजारातली बाई ओळखीची आहे." सुई नाकाच्या दांड्यावर टेकली. भिंतीशी बसलेल्या दोघी "वा, वा" म्हणाल्या. पुढच्याच क्षणी नाकापासून कपाळापर्यंत कातडी पांढरी पडली, मैदा थापल्यासारखी.

"झेंगे," मोल्दिर हळूच म्हणाली, "दिवा घालवलात का?"

दिवा कुणीच घालवला नव्हता.

झेंगेने फ्रीझरमधली मांसाची पिशवी काढून तिच्या तोंडावर दाबली. "सूज आहे. उतरेल. घरी जाऊन झोप."

घरी जाईपर्यंत पांढऱ्याचं जांभळं झालं होतं, जाळीसारखं. आईने एकदा पोरीकडे पाहिलं आणि तिला लगेच कळलंच, दृष्ट! आदल्या दिवशी सासरच्या बायका येऊन 'काय रूप, काय रूप' करून गेल्या होत्या आणि थू थू म्हणायचं एकीलाही सुचलं नव्हतं. तिने कढईत अद्रस्पानची वाळकी झुडपं पेटवली आणि धूर लेकीच्या डोक्याभोवती फिरवायला लागली. अकबोता मोबाईल नाचवत मागे मागे, "आई, इथं लिहिलंय, रक्त अडलंय! लगेच दवाखाना! आत्ता!"

"दवाखान्यात जावयाची मावशी आहे, आणि तीही डोळ्यांच्याच विभागात. संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

"होऊ दे!"

"तुझं लग्न नाहीये म्हणून बोलतेस."

"अपके, तू तरी सांग!"

मोल्दिरने एका हाताने डावा डोळा झाकला होता. "थोडं थांबू या गं," ती म्हणाली. "झेंगेला वाईट वाटेल. भेट होती तिची."

वडील कारखान्यातून आले ते तिसऱ्या प्रहरी. त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं, बूटही न काढता मागे वळले आणि गाडी सुरू केली.

डॉक्टर बाईंनी पहिलं विचारलं, "काय टोचलंय?"

कुणालाच माहीत नव्हतं. झेंगेला फोन लावला. "तेच ते, सगळे वापरतात ते," ती पलीकडून म्हणाली. "नाव? नाव त्यावर नव्हतं." मग फोन बंद झाला.

"उतारा एकाच जातीच्या औषधावर चालतो," डॉक्टर बाई म्हणाल्या. "तेच असेल अशी आशा करून देते."

"आणि डोळा?" वडिलांनी विचारलं.

"डोळ्याच्या शिरेत गेलंय. सकाळीच आला असतात तरी शब्द दिला नसता मी. आता तर..." त्यांनी उताऱ्याची सुई भरायला घेतली.

उतारा चालला नाही. नाकाच्या शेंड्यावर काळी खपली धरली आणि पडली तेव्हा तिथे खड्डा राहिला. डोळ्याला वरून काहीच झालं नव्हतं. तो पूर्वीइतकाच सुंदर दिसायचा, अकबोताकडे बघायचा, आणि त्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

सासूबाई भेटायला आल्या, मटण घेऊन. बसल्या, अर्धी वाटी चहा प्यायल्या, लग्न "तब्येत सुधारेपर्यंत" पुढे ढकलू म्हणाल्या. साखरपुड्याला त्यांनीच स्वतःच्या हाताने मोल्दिरच्या कानांत कुड्या घातल्या होत्या. मोल्दिरने त्या काढल्या आणि समोर अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवल्या, साखरेच्या भांड्याशेजारी. आई म्हणाली, "अगं, राहू दे, राहू दे."  सासूबाईंनी पर्स उघडली, कुड्या आत टाकल्या आणि पर्स मिटली.

झेंगे एकदा आली. रडली, मोल्दिरच्या हातांचे मुके घेतले, "माझी पोरं लहान आहेत गं" म्हणाली. मग भाऊ आला आणि म्हणाला, घरातली गोष्ट घरात राहू दे. आरोग्य खात्यातली एक बाई चौकशीला आली तर आईने सांगितलं, मासळी बाधली. शेजाऱ्यांना तेच. शाळेतही तेच सांगायचं, असं अकबोताला बजावलं गेलं, आणि वादविवादात पहिली आलेल्या अकबोताने ते पाठ केल्यासारखं सांगितलंही.

एका दुपारी आईने तिला डबा पोचवायला भावाकडे पाठवलं. स्वयंपाकघरात तीच खुर्ची होती आणि खुर्चीत तिच्या भूमितीच्या बाई बसल्या होत्या, नाकाला भुलीचं पांढरं मलम लावून.

"अगं अकबोता, तू!" बाई लाजून हसल्या. "तुझ्या बहिणीचं ऐकलं. मासळी ना? मी तर मासळीच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही बघ."

झेंगे पाठमोरी हातमोजे चढवत होती. तिने वळून पाहिलं नाही.

"बाई, मासळी नव्हती. उठा," अकबोता म्हणाली.

"हिचं डोकं फिरलंय बहिणीच्या दुःखाने," झेंगे शांतपणे म्हणाली. "बिचारी." बाईंनी अकबोताकडे फार मायेने पाहिलं आणि मान मागे टेकवली.

त्या रात्री घरी जेवायला सगळे बसले होते. मोल्दिरने डाव्या बाजूची वाटी पाडली, चहा पसरला, आणि आई, बाबा, अकबोता तिघांनीही काहीच झालं नाही असं दाखवलं.

"मी उद्या शाळेनंतर आरोग्य खात्यातल्या त्या बाईंकडे जाणार आहे," अकबोता म्हणाली. "झेंगेचं नाव सांगणार, पत्ता सांगणार, बाटली कुठून आली ते सांगणार. मासळीची गोष्ट खोटी होती हेही सांगणार."

"शिंगरा माझ्या, बाळा," आई कुजबुजली, "भावाचं घर मोडेल."

"मोडेल."

"आणि उपयोग काय?" वडिलांनी मान वर न करता विचारलं. "हिचा डोळा येणार आहे?"

"नाही येणार. झेंगे दंड भरेल आणि दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरात सुया मांडेल. भूमितीच्या बाईंना तर आजच टोचून झालंय. मला सगळं माहितीय, बाबा. मी तरीही जाणार आहे. तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय."