पाच टक्क्यांच्या आत

देजन शहरातल्या त्या डुकराच्या मांसाच्या खानावळीत प्यो सरांची अख्खी प्रयोगशाळा शेगडीभोवती कोंडाळं करून बसली होती. विसराळूपणाच्या आजारावर सरांनी काढलेल्या पुडीची पी-व्हॅल्यू, म्हणजे निकाल छापण्याजोगा आहे की नाही हे ठरवणारी टक्केवारी, अखेर पाच टक्क्यांच्या आत आली होती, म्हणून सरांकडून जेवण! सोल-हीला मात्र घास उतरेना. आकडेमोड तिचीच होती ना. दहा रोगी तपासून झाले की सर विचारायचे, "बघ गं, आली का पाचच्या आत?" नाही आली की आणखी दहा रोगी. आली त्या दिवशी प्रयोग बंद. नाणं मनासारखं पडेपर्यंत उडवत बसायचं आणि मग छाती फुगवून सांगायचं, बघा, पडलं की नाही! डोंबलाचं विज्ञान.

दो-ग्युन, विद्यार्थ्यांतला सगळ्यात थोरला, सोजू दारूचा पेला उंचावून म्हणाला, "आजपासून आमच्या आईच्या जुन्या गोळ्या बंद. आपली पुडी चालू! पी चार टक्के, म्हणजे शहाण्णव टक्के खात्री."

सोल-हीने त्याचा हात धरला. "काहीतरीच काय बोलतोस, दादा! पुडीत नुसतं पीठ असतं, तरी एवढा फरक नशिबाने शंभरात चारदा दिसलाच असता. चारचा अर्थ एवढाच. गुण येईल याची ती खात्री नव्हे. आणि तेही एकदाच मोजलं असतं तर! आपण मध्येच किती वेळा आकडा बघितला?"

"म्हणजे पुडी खोटी?"

"खोटी आहे असंही नाही म्हणत मी. आपल्याला माहीत नाही, एवढंच."

"आली मोठी शहाणी," प्यो सर चिमट्याने मांस उलटत म्हणाले. "सगळे असंच करतात. जेव मुकाट्याने."

दो-ग्युनचा चेहरा उतरला होता. "सर, तुमच्या आईंनाही हाच आजार आहे ना? त्यांना पुडी चालू केलीत?"

सरांनी चिमटा खाली ठेवला. "तिच्या गोळ्या डॉक्टर ठरवतात. मी कशाला मध्ये पडू?"

दो-ग्युन ताडकन उठला आणि फोन घेऊन दाराबाहेर गेला. काचेतून त्याचे हातवारे दिसत होते. सोल-हीला हायसं वाटलं. एक माणूस तरी शुद्धीवर आला, आता हा सरांना चांगलं सुनावणार.

तो परत आला. "बहिणीला सांगितलं, जुन्या गोळ्याच दे म्हणून," असं सोल-हीच्या कानाशी पुटपुटला. मग गुडघे मोडून सरांपुढे बसला आणि दोन्ही हातांनी बाटली धरून त्यांचा पेला काठोकाठ भरला.

"सर, शोधनिबंध सोमवारीच पाठवायचा ना? पहिलं नाव माझंच ठेवाल ना? डॉक्टरेट अडलीय हो."

"तुझंच रे," सर म्हणाले आणि त्यांनी मांसाचा मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला.

सोल-हीला तो तुकडा उचलून भिरकावावासा वाटला. बाकीच्यांच्या आया काय रस्त्यावर पडल्यात? तिने मुकाट्याने पुढचा घास घेतला. निबंधावर तिसरं नाव तिचं होतं.