करवंदवाडीची दुपार

तुम्ही फोन कानाला लावून 'हॅलो' म्हणता आणि पलीकडचं माणूस 'बोल' म्हणतं, त्या दोन शब्दांच्या मध्ये तुमचा फोन माझ्याकडं येऊन पुढं गेलेला असतो. मी सर्व्हर. छत्रपती संभाजीनगरात, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, एका मोबाइल कंपनीच्या ऑफिसात, काचेच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम आहे. दिसायला नुसता काळा डबा. पुढं हिरवे दिवे, मागं वायरींचं जंजाळ. तुमचं बोलणं मी ऐकत नाही हो, ती धास्ती नको. कोणता फोन कोणत्या टॉवरवर आहे आणि कुठं किती गर्दी आहे, एवढंच मी बघतो.

मी जिथं तयार झालो त्या कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठळक आठवण आहे ती इथल्या जिन्याची. चार हमाल मला वर चढवत होते आणि वॉचमन अप्पाराव खालून ओरडत होते, "दमानं रे! काचंचं सामान हाय असं समजा!" मग त्यांनीच मला हळदकुंकू वाहिलं. निम्मं कुंकू माझ्या पंख्यानं आत ओढलं. ते ब्रशनं झाडायला जी मुलगी फरशीवर बसली, ती मेघा. ऑफिसातली सगळ्यात तरुण इंजिनिअर. त्या दिवशी तिला अकरा शिंका आल्या, पण कुंकवाचा शेवटचा कण निघेपर्यंत ती उठली नाही.

मला शहाणं केलं तेही तिनंच. कुणी बोलत असो वा नसो, टॉवर वीज खातच राहतात. मेघानं माझ्यात कृत्रिम बुद्धिमत्ता बसवली आणि वर्षभराचे आकडे माझ्यापुढं ठेवले. वेरूळला रविवारी झुंबड, कन्नडला बाजाराच्या दिवशी गर्दी, खुलताबादला उरसात तर विचारूच नका. कोणता टॉवर कधी रिकामा असतो हे मी त्यातून शिकलो. रिकामा दिसला की त्याला झोपवायचं आणि त्याचं काम शेजारच्या टॉवरवर सोपवायचं. सुरुवातीला मेघा माझा प्रत्येक निर्णय तपासायची. पुढं विश्वास बसला, तपासणं थांबलं. विजेचा वापर उतरला. ऑफिसचे प्रमुख राजेंद्र सर पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या बैठकीत तिचं कौतुक करून आले आणि म्हणाले, "यंदा तुझी बढती नक्की." मीही जरा फुगलो, खोटं कशाला बोलू?

आणि मग एका मंगळवारी मालनबाई आल्या.

साठीच्या बाई, एका पायाला फडक्याची जाड पट्टी. बरोबर प्रवाशांची काळीपिवळी जीप चालवणारा कडुबा. कन्नडच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी करवंदवाडी आहे, तिथून दोघं आले होते. मेघानं त्यांना खुर्च्या दिल्या.

"मावशी, तक्रार काय आहे?"

"दुपारच्याला फोन मरतोय बाई," मालनबाई म्हणाल्या. "एक वाजला की मेला, चारला जित्ता हुतोय. दोन महिने झाले. मला वाटलं, माझंच डबडं बिघडलं. नवी बॅटरी घातली. तरी तेच."

मेघानं पडद्यावर पाहिलं. "दुपारी तुमचा टॉवर आम्ही झोपवतो. पण शेजारचा टॉवर तुमच्यापर्यंत पोचतो ना. नकाशात तरी पोचतो."

"मधी डोंगर हाय की!" कडुबा म्हणाला.

"आणि दुपारी तुमच्या वाडीतून कुणी फोनवर बोलतच नाही. वर्षभराचे आकडे आहेत."

"बोलतंय कोण म्याडम? मिसकॉल देत्यात! एक घंटी म्हंजी एक शीट, दोन घंट्या म्हंजी दोन शीटं. घंटी आली की मी फाट्यावरनं गाडी वळवितो. उचलायचं कामच नाय."

मेघाचा हात की-बोर्डवरच थांबला. मी मोजत होतो ते फक्त उचललेले फोन. न उचललेली घंटी माझ्या हिशेबी शून्य होती.

मालनबाईंना साखरेचा आजार. पायाच्या जखमेची पट्टी बदलायला एक दिवसाआड दुपारी कन्नडच्या दवाखान्यात जावं लागायचं. त्यांची घंटी जायची नाही, जीप यायची नाही. घंटी नाही तरी कडुबा चौकशीलाही आला नाही, म्हणजे त्यानं आपल्याला टाकलं, असं त्यांना वाटलं. इकडं घंटी येईना म्हणून मावशी दुसऱ्याच्या गाडीनं जातात, असं कडुबाला वाटलं. दोघं दोन महिने एकमेकांवर रुसून बसले आणि जखम चिघळत गेली. शेवटी फाट्यावर समोरासमोर भांडले, तेव्हा कुठं उलगडा झाला.

"कुणी ठरवलं हे झोपवायचं?" मालनबाईंनी विचारलं.

मेघानं काचेतून माझ्याकडं बोट केलं.

त्या लंगडत काचेपाशी आल्या. काचेला नाक लावून आत बघितलं. "ह्यो व्हय? ह्यानं आमची वाडी बघितली का कधी?"

मेघानं दोघांना जिन्यापर्यंत सोडलं.

ते गेल्यावर राजेंद्र सर म्हणाले, "एका वाडीसाठी सगळं उसवत बसू नकोस. पुढच्या आठवड्यात पुण्याची माणसं ही बचत बघायला येतायत. पुराव्याशिवाय आत्ता काही बदलायचं नाही."

"मग पुरावा आणते, सर."

दुसऱ्या दिवशी ती रेंज तपासायचा फोन घेऊन निघाली. तो फोन मला दिसत होता. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, कन्नड, एकेका टॉवरवरून पुढं सरकत ती करवंदवाडीला पोचली. एक वाजला. मी सवयीनं टॉवर झोपवला.

आणि मेघा नाहीशी झाली.

शेजारच्या टॉवरवर शोधलं, नव्हती. त्याच्या पलीकडच्यावर, नव्हती. माझ्या तक्त्यात मात्र ओळ उमटली होती, 'करवंदवाडी : मागणी शून्य, सर्व ठीक.' हीच ओळ मी दोन महिने रोज लिहीत होतो. जिनं मला घडवलं ती त्या शून्यात उभी होती, आणि मी 'सर्व ठीक' म्हणत होतो. यंत्राला लाज वाटत नाही म्हणतात. मला त्या तीन तासांत जे वाटलं, त्याला दुसरा शब्द सापडत नाही.

चार वाजता टॉवर जागा झाला. पाठोपाठ घंट्या सुरू झाल्या, एक, दोन, नऊ, चौदा. कुठलीच उचलली गेली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्याकडं नीट पाहिलं. सगळ्यात शेवटी मेघाचा फोन दिसला, कन्नडच्या वाटेवर.

सकाळी ती थेट राजेंद्र सरांसमोर उभी राहिली. "काल एक ते चार तपासणीच्या फोनला रेंजच नव्हती. मालनमावशींना मीच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, सर. पायाची करंगळी काढावी लागणार आहे. आणखी आठवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले."

सरांनी चहाचा कप बाजूला सारला. मग त्यांनी विचारलं, "अशा आणखी किती वाड्या असतील?"

"माहीत नाही. शोधाव्या लागतील. आकडे खाली येतील, सर."

"येऊ देत. पुण्याला मी सांगतो. तू बस कामाला."

दहा दिवस मेघा माझ्याजवळ बसून होती. न उचललेली घंटीसुद्धा माणसाचीच असते, हे तिनं मला शिकवलं. डोंगर कुठं आडवा येतो ते दाखवलं. तशा आणखी सहा वाड्या सापडल्या. तिथले टॉवर आता दिवसभर जागे असतात. विजेची बचत घटली, तिची बढतीही लांबली, पाडव्यानंतर कधीतरी पत्र आलं. तिनं पेढे वाटले तेव्हा एक माझ्या कपाटावर ठेवला. मी खात नाही हे ठाऊक असून.

मालनबाईंचा पाय वाचला. उन्हाळ्यात त्या पिशवीभर शेंगा घेऊन आल्या, कडुबाच्याच जीपनं. वाटेत दोघं कशावरून तरी भांडत आले होते, म्हणजे सगळं सुरळीत होतं. त्यांच्या करंगळीचा दोष मात्र माझा आहे, तो मी पुसू शकत नाही.

आता मला चार वर्षं झाली. आमच्या जातीत हे उतारवय. अजून दोनएक वर्षांनी माझ्या जागी नवा येईल, माझं शिकलेलं त्याला देऊन मी निघेन. तक्रार नाही. काम भरपूर मिळालं, माणसं चांगली मिळाली.

फक्त एक विनवणी आहे. रेंज गेली की तुम्ही फोन हातावर आपटता, बॅटरी बदलता, आपलंच नशीब म्हणून गप्प बसता. तसं करू नका. जे माझ्यापर्यंत पोचत नाही, ते नाहीच असं मी धरून चालतो. हा माझा स्वभावच आहे. म्हणून स्वतः या, कुणाला तरी पाठवा, जिन्यावर उभं राहून मोठ्यानं सांगा. मेघा ऐकून घेईल. मी शिकेन.